राक्षस कोण घडवतो?

भयकथांतील राक्षस पूर्वी बाहेरून येत असे. तो अरण्यातून येई, समुद्राच्या तळातून येई, किंवा परग्रहावरून उतरे. माणूस माणूसच राहत असे आणि त्याचा पराक्रम राक्षसाला परतवून लावण्यात असे. गेल्या काही वर्षांत जगभर गाजलेल्या एका कथेने ही व्यवस्था उलटी केली आहे. 'द लास्ट ऑफ अस' हा 'नॉटी डॉग' या अमेरिकी कंपनीचा व्हिडिओ गेम २०१३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यावर आधारलेली एचबीओची मालिका जानेवारी २०२३ पासून दाखवली जाऊ लागली. या कथेत राक्षस बाहेरून येत नाही. तो शेजाऱ्यात उगवतो, आईत उगवतो, मुलात उगवतो. आणि तो उगवतो तेही एका रात्रीत नव्हे, तर टप्प्याटप्प्याने.

ही क्रमवारी कथेच्या कर्त्यांनी बारकाईने रचली आहे. संसर्ग झाल्यापासून सुमारे दोन दिवसांत माणसाचे भान हरपते आणि तो दिसेल त्याच्यावर धावून जातो. या अवस्थेला कथेत 'रनर' म्हणतात. त्याचा चेहरा अद्याप ओळखू येतो. किंबहुना तो ओळखू येतो यातच पहिल्या टप्प्याची भीषणता आहे. पुढच्या काही आठवड्यांत चेहऱ्यावर कोंब दिसू लागतात आणि तो अंधारात दबा धरून बसू लागतो. हा 'स्टॉकर'. साधारण वर्षभरात बुरशी कवटी फोडून बाहेर येते, डोळे नाहीसे होतात आणि टकटक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवर भक्ष्य शोधणारा 'क्लिकर' तयार होतो. त्यानंतरही जो अनेक वर्षे तग धरतो त्याच्या अंगावर बुरशीचे जाड कवच चढते. तो 'ब्लोटर'. त्याच्यात माणसाची ओळख पटावी असे काहीही शिल्लक राहत नाही.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाने १९०७ साली 'द व्हॉइस इन द नाइट' ही कथा लिहिली. काळोख्या समुद्रात थांबलेल्या जहाजाजवळ एक होडी येते. तिच्यातला माणूस अन्न मागतो, पण दिव्याच्या उजेडात यायला नकार देतो. निर्जन बेटावर अडकलेला तो आणि त्याची वाग्दत्त वधू तिथली बुरशी खाऊन हळूहळू स्वतःच बुरशी होत चालले आहेत, हे त्याच्या बोलण्यातून उलगडत जाते. याच कथेच्या आधारे इशिरो होंडा या जपानी दिग्दर्शकाने १९६३ साली 'मातांगो' हा चित्रपट काढला. त्यातील विद्रूप चेहऱ्यांची रंगभूषा अणुबाँबने भाजलेल्यांच्या चेहऱ्यांशी मिळतीजुळती वाटल्यामुळे जपानमध्ये त्याच्यावर बंदी येण्याची वेळ आली होती, असे सांगितले जाते. या एका तपशिलात पुष्कळ अर्थ भरलेला आहे. पडद्यावरचा राक्षस रंगवताना ज्याचा चेहरा उसना घेतला जातो तो बहुधा कोणा पीडिताचा असतो.

आजच्या कथेचे मूळ मात्र निसर्गात आहे. 'ऑफिओकॉर्डिसेप्स' वंशातील काही बुरश्या मुंग्यांवर जगतात. अशी बुरशी मुंगीच्या अंगात शिरली की मुंगी आपले वारूळ सोडते, झुडुपावर चढते, जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर पानाच्या शिरेला जबडा रोवते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ फुटतो आणि बीजाणू खाली गळतात. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५९ साली सुलावेसी बेटावर अशा मुंग्या गोळा केल्या होत्या. अलीकडे, २०१७ साली, प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात असे आढळले की, ही बुरशी मुंगीच्या शरीरभर पसरते, स्नायूंभोवती जाळे विणते. परंतु मेंदूत शिरत नाही. मुंगीचा मेंदू जागेवर असतो, फक्त पाय तिचे राहत नाहीत. कथाकारांनी कल्पिलेल्यापेक्षा हे वास्तव अधिक अस्वस्थ करणारे आहे.

तथापि मुंगीवरून माणसावर उडी मारणे कथेत जितके सोपे तितके निसर्गात नाही. या बुरश्या बहुधा एखाद्याच जातीच्या मुंगीशी बांधलेल्या असतात. त्यांच्याच कुळातली, हिमालयातल्या सुरवंटांवर उगवणारी बुरशी उत्तराखंडात 'कीडाजडी' म्हणून ओळखली जाते. ती औषधी मानून लोक हौसेने आणि भारी किंमत मोजून खातात, आणि त्यांतला कोणी राक्षस झाल्याचे ऐकिवात नाही. शिवाय माणसाचे रक्त उष्ण आहे. आर्तुरो कासादेव्हाल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह २००९ साली दाखवून दिले की, ३० ते ४० अंश सेल्सिअस या टप्प्यात तापमान एकेका अंशाने चढले की, सुमारे ६ टक्के जादा बुरश्या तग धरू शकत नाहीत. ३७ अंशांचे आपले शरीर हा एक प्रकारचा तटच आहे. बुरश्यांच्या लाखो जाती असताना माणसाला पीडा देणाऱ्या जाती काही शेकडाच आहेत, त्याचे एक कारण हे आहे.

मालिकेचा आरंभ नेमका याच तटापाशी होतो. १९६८ सालच्या एका काल्पनिक दूरचित्रवाणी चर्चेत एक शास्त्रज्ञ विचारतो: पृथ्वीच थोडी तापली आणि बुरशीला उष्णता सोसण्याची सवय लागली तर? हा प्रश्न आता केवळ नाटकी उरलेला नाही. 'कँडिडा ऑरिस' ही बुरशी २००९ साली जपानमधील एका रुग्णाच्या कानात प्रथम ओळखली गेली. थोड्याच वर्षांत ती भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला अशा परस्परांपासून दूर असलेल्या देशांतील रुग्णालयांत, एकमेकींहून भिन्न वाणांच्या रूपात, जवळजवळ एकाच वेळी अवतरली. पुढे दिल्लीतील संशोधकांना ती अंदमानच्या किनाऱ्यावरील खारट दलदलीत आणि वाळूतही सापडली. तापत्या हवामानाने तिला माणसाच्या शरीराची ऊब सोसायला शिकवले असावे, असे अनुमान कासादेव्हाल यांनी मांडले आहे. ते अद्याप अनुमानच आहे. पण ती अनेक औषधांना दाद देत नाही आणि रुग्णालयाच्या खाटांवर, उपकरणांवर चिकटून राहते, ही वस्तुस्थिती आहे.

भारताला मात्र बुरशीचे भय समजून घेण्यासाठी परदेशी मालिकेची गरज नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिसची साथ उसळली. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४ हजारांहून अधिक मृत्यू सरकारदरबारी नोंदले गेले. महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये त्यात आघाडीवर होती. या रोगाचा बीजाणू नवा नाही. तो मातीत, पाचोळ्यात, शिळ्या भाकरीवर सर्वत्र असतो आणि निरोगी माणूस तो रोज श्वासाबरोबर आत घेतो. परंतु काबूत नसलेला मधुमेह आणि वारेमाप दिलेली स्टिरॉइड्स यांनी शरीराचा बंदोबस्त ढिला केला आणि एरवी उंबरठ्याबाहेर असणारी ही बुरशी नाकाच्या पोकळीतून डोळ्याकडे आणि डोळ्यातून मेंदूकडे सरकू लागली. अॅम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाईक शहरोशहरी वणवण करत होते. अनेकांचे प्राण वाचवण्यासाठी शल्यविशारदांना त्यांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला.

येथे कल्पनेची आणि वास्तवाची गाठ पडते. चेहरा गमावलेला कथेतील माणूस गोळी घालण्यास पात्र ठरतो. वास्तवातील माणूस मात्र बरा होऊन, अर्धा चेहरा घेऊन घरी परततो आणि त्याला बाजारात, कचेरीत, लग्नसमारंभात लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. हा अनुभव या देशाला नवा नाही. मदुरा फूट हा पायाचा विकार मदुराईत १८४२ साली नोंदला गेला म्हणून त्याला ते नाव मिळाले. 'ग्रेज अॅनाटॉमी' या विख्यात ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर पुढे मुंबईत वैद्यकीय सेवेत असताना त्यांनी १८६० च्या सुमारास या विकारामागे बुरशी असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. त्याचा काही भाग जीवाणूंमुळेही होतो, हे नंतर कळले. अनवाणी पायात काटा मोडतो, सूज येते, पण ती दुखत नाही. म्हणून शेतकरी वा मजूर दवाखान्यात जात नाही. वर्षे सरतात, पायाला छिद्रे पडतात, त्यांतून दाणेदार स्राव वाहतो, हाडे पोखरली जातात आणि अखेर पाय कापावा लागतो. बुरशीने माणसाचे शरीर टप्प्याटप्प्याने बदलून टाकण्याची ही खरी कथा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिला दुर्लक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले ते २०१६ साली.

कथेत बुरशी माणसाला राक्षस बनवते. वास्तवात उलटे चालले आहे: माणूस साध्या बुरशीला राक्षस बनवत आहे. नायट्याचेच उदाहरण घ्यावे. आजीबाईच्या बटव्यातला हा किरकोळ रोग आज भारतातील त्वचारोगतज्ज्ञांची डोकेदुखी झाला आहे. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध एकत्र कालवलेली मलमे चिठ्ठीवाचून सर्रास विकली गेली. खाज दोन दिवसांत थांबे आणि बुरशी मात्र आतून बळावे. त्यातून भारतात पसरलेल्या एका हट्टी वाणाला 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असे नाव २०२० साली मिळाले. आपल्या देशाचे नाव त्यात कोरले गेले आहे, आणि २०२३ मध्ये त्याचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही नोंदले गेले. शेतातही तोच प्रकार आहे. पिकांवरील बुरशीसाठी फवारली जाणारी अझोल वर्गातील रसायने आणि डॉक्टर रुग्णाला देतात ती अझोल औषधे एकाच घराण्यातली आहेत. फवारणीने माणसाच्या फुप्फुसात शिरणारी 'अॅस्परजिलस' बुरशी औषधालाही निगरगट्ट होते, हे हॉलंडमध्ये प्रथम ध्यानात आले. द्राक्षावरील भुरीपासून बाग वाचवू पाहणाऱ्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला यासाठी दोष देता येणार नाही; परंतु शेतीखाते आणि आरोग्यखाते यांनी या प्रश्नावर एकमेकांशी बोलू नये, हे क्षम्य नव्हे.

बुरशीच्या पेशी जीवाणूंपेक्षा माणसाच्या पेशींना अधिक जवळच्या आहेत. म्हणून बुरशीला मारील आणि माणसाला तारील असे औषध शोधणे अवघड जाते. शरीरात खोल गेलेल्या बुरशीवर वापरता येणारी औषधे मोजक्या चार वर्गांत संपतात, आणि मानवी बुरशीरोगांवर मान्यताप्राप्त लस आजतागायत एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरश्यांची पहिली यादी जाहीर केली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. तीत १९ बुरश्या असून 'कँडिडा ऑरिस' अग्रक्रमाच्या गटात आहे. जीवाणू आणि विषाणू यांच्या तुलनेत बुरशीच्या वाट्याला आलेले संशोधन आणि पैसा नेहमीच अल्प राहिला आहे.

'द लास्ट ऑफ अस'च्या शेवटी एक बिकट पेच उभा राहतो. संसर्गाला न जुमानणाऱ्या एका मुलीचा जीव घेतला तर कदाचित औषध सापडेल. तो घ्यावा काय? खऱ्या जगापुढे इतका दुर्धर पेच नाही. येथे कोणाचाही बळी द्यायचा नाही. त्वचेची खपली पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची अगदी स्वस्त चाचणी प्रत्येक तालुका रुग्णालयात व्हावी, स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीविना विकली जाऊ नयेत, मधुमेह्यांची तपासणी नियमित व्हावी, जिल्ह्याजिल्ह्यांत बुरशी ओळखणारी प्रयोगशाळा असावी आणि अनवाणी राबणाऱ्याच्या पायात वहाण असावी, एवढेच करायचे आहे. याला ना शौर्य लागते, ना बलिदान. लागते ती रोजच्या कारभारातील चिकाटी, आणि तिचाच आपल्याकडे तुटवडा आहे. पडद्यावरच्या बुरशीला भिऊन झोप उडालेल्या प्रेक्षकांपैकी काहींनी तरी सकाळी उठून घरातील औषधाच्या डब्यातले ते मलम तपासले, तर त्या भयाचे चीज झाले असे म्हणता येईल.