संकल्पामागचे प्रयोजन

गुढीपाडव्याला संकल्पांना बहर येतो आणि वैशाखाच्या उन्हात तो गळूनही जातो, हा आपला दरवर्षीचा अनुभव आहे. आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून एक संकल्प तर नेहमीच ऐकू येतो: यंदा मोडी शिकायची आणि घरातील जुने कागद वाचून काढायचे. नवी वही येते, बाराखडी घोटली जाते. पुढे शब्द न तोडता सलग धावणारी पहिली खरी ओळ समोर येते, आणि तेथे गाडी अडते. रुमाल पुन्हा पेटीत जातो. याचे खापर लोक आपल्या आळसावर फोडतात. आम्हांस ते पटत नाही. निश्चय सहसा कमी पडत नाही. तो कशासाठी केला, हेच ठरलेले नसते.

याच शहरात ज्यांची उमेद गेली त्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे उदाहरण या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. १८८९ साली ते सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले ते काही इतिहासकार व्हावयाचे म्हणून नव्हे. महाराजांना वाचून दाखवावे, राजपुत्रांना शिकवावे, सांगितलेली भाषांतरे करावी, अशी ती चाकरी होती. इतिहास शिकविताना टिपणे काढावी लागली. आणि टिपणे काढताना ध्यानी आले की, आपल्या मुलांच्या हाती द्यावा असा सलग इतिहास मराठीत नाहीच. हे कळल्यावर काम चाकरीपुरते उरले नाही. १८९८ साली मुसलमानी रियासत प्रसिद्ध झाली आणि १९०२ साली मराठी रियासतीचा पहिला भाग निघाला. दरबारची कामे, महाराजांबरोबरचे प्रवास आणि घरसंसार सांभाळून हे लेखन चालू होते. फुरसत मिळाली की लिहू, असे म्हणत ते बसले असते तर रियासत कधीच झाली नसती.

पण याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. त्याच काळात राजवाडे, खरे, पारसनीस अस्सल पत्रे छापून काढीत होते, आणि नव्या कागदांनी जुनी विधाने डळमळू लागली. ज्याला केवळ ‘ग्रंथ पुरा करणे’ एवढेच साधावयाचे असते तो अशा वेळी वैतागतो किंवा आपल्या छापील पानाला चिकटून बसतो. सरदेसायांनी शहाजी-शिवाजींचा भाग पुढे नव्याने लिहून काढला. ग्रंथ हे त्यांचे साधन होते. वाचकाला खरे काय ते सांगणे हे प्रयोजन होते. साध्य हाती आले की माणूस थांबतो. प्रयोजन मात्र त्याला पुरे केलेल्या कामाकडेही पुन्हा वळविते.

त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. त्यांतील श्यामकांत १९२५ साली. त्याच वर्षी बडोद्याची नोकरी सोडून ते कामशेतला राहावयास गेले. अशा वेळी कोणी लेखणी खाली ठेवली असती तर त्याला नावे ठेवण्याचे धैर्य कोणास झाले असते? परंतु १९३० ते १९३४ या काळात पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली बाहेर पडले. मराठ्यांच्या इतिहासाचे इंग्रजीतील तीन खंड १९४८ साली पुरे झाले तेव्हा त्यांचे वय ८३ होते. दुःख कामाने भरून निघते असे आम्ही म्हणणार नाही. एवढेच दिसते की, ज्या कामाची दुसऱ्या कोणाला गरज आहे, ते काम माणसाला दुःखातही बोलावीत राहते.

सर्वांना रियासतकार होता येणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. प्रयोजन लहान असले तरी चालते. मात्र ते खरे असावे लागते. ‘मोडी आली पाहिजे’ हा संकल्प पोकळ आहे. ‘आपले पणजोबा कोणत्या साली आणि कोणाच्या बोलावण्यावरून इकडे आले, हे नातीला सांगावयाचे आहे’ हा संकल्प टिकेल; कारण त्यात एक प्रश्न आहे आणि उत्तराची वाट पाहणारे एक माणूस आहे. एका पत्रावरचे नाव लागले की दुसऱ्यावरची तारीख लावाविशी वाटते, आणि लिपी त्या ओघात हाताखाली येते.

याला घाई आहे, हेही सांगितले पाहिजे. जुने वाडे पाडून सदनिका उठत आहेत, आणि घर हलविताना पहिला बळी माळ्यावरच्या पेटीचा जातो. तीत जमाखर्चाचा एखादा फाटका कागदच असेल. पण तो रद्दीत गेला की त्याची दुसरी प्रत कोठेही मिळावयाची नाही. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी या पाडव्याला मोठा संकल्प सोडू नये. एक रुमाल सोडावा, एकच कागद बाहेर काढावा, आणि तो कोणासाठी वाचावयाचा त्या मुलाला किंवा नातवाला शेजारी बसवून घ्यावे.