पाहुण्यांची सायकल आणि आपली ट्रॉली

साखर कारखान्याच्या वार्तापत्रात सायकलीचे काय काम, असे काही सभासद विचारतील. प्रश्न रास्त आहे. उसाचा भाव, तोडणीची पाळी, बिलाचा हप्ता हे सगळे सोडून हा माणूस डोंगरात सायकली काय फिरवतो! पण सभासद बंधू-भगिनींनो, जरा दमाने वाचा. ज्या रस्त्याने आपला ऊस जातो त्याच रस्त्याचा हा विषय आहे. आणि त्याच रस्त्याने आपल्या मुली शाळेत जातात.

अलीकडे शहरातली माणसे सायकलीवरून चार-चार दिवसांच्या सफरी काढतात. हे सगळे हौशे-नवशे नाहीत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० कि. मी. ची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. अशी माणसे आपल्या शेजारच्या शहरात घडत आहेत, आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना रहदारी कमी, झाडी दाट आणि चढण बेताची असा मुलूख हवा आहे. तो आपल्याकडे आहे. सह्याद्रीच्या घाटासारखे छाती फोडणारे डोंगर इकडे नाहीत. एक टेकडी ओलांडली की खाली तळे, तळ्याखाली धानाच्या बांध्या, मग पुन्हा जंगल, अशी आपल्या गोंदिया जिल्ह्याची घडण आहे.

वाटा तर जणू आखलेल्याच आहेत. पहिली वाट गोंदियाहून आमगाव, सालेकसा, दरेकसा. तिकडे हाजरा फॉलचा धबधबा आहे आणि पुढे कचारगडची गुहा. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. ते श्रद्धेचे ठिकाण आहे, तिथे पाहुण्याने पाहुण्यासारखेच वागावे. दुसरी वाट तिरोडा तालुक्यातली, बोदलकसा आणि चोरखमारा या तलावांकडची. तिसरी वाट गोरेगाव, मुरदोली, कोहमारा करीत नवेगावबांधला आणि तिथून अर्जुनी मोरगावकडे इटियाडोह धरणापर्यंत जाते. तिकडेच गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी बांधवांची वसाहत आहे. धानाच्या बांध्यांच्या मुलखात बौद्ध मठ बघायला मिळतो, हे नागपूर-पुण्याच्या किती लोकांना ठाऊक आहे?

नवेगावबांधचे नाव निघाले म्हणून एक सांगितलेच पाहिजे. ऊस आणि तळे यांचे नाते आपल्याकडे कारखान्याहून जुने आहे. कोहळी समाजाने या भागात तळी बांधली ती धानासाठी आणि उसासाठी. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात, आणि लोक त्यांना कोलासुर म्हणून पूजतात. ऊस पिकवणाऱ्याच्या हातचे हे काम बघायला आज लांबून माणसे येतात. मग त्या येण्याचा लाभ ऊस पिकवणाऱ्याच्या घरी काहून येऊ नये?

आता खरा मुद्दा. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पाहुणे वाढले. पण मोटारीतला पाहुणा बहुधा शिदोरी बांधून येतो, थेट गेटापाशी उतरतो आणि वाघ दिसो न दिसो, आल्या पावली परततो. वाटेतल्या गावाला त्याची फक्त धूळ मिळते. सायकलवाल्याचे तसे नाही. त्याला वीस-पंचवीस कि. मी. वर थांबावेच लागते. पाणी लागते, गुळाचा चहा लागतो, दुपारी भात-भाजी लागते, पंक्चर काढणारा लागतो आणि रात्री पाठ टेकायला स्वच्छ खोली लागते. त्याचा पैसा थोडाथोडा, पण दहा गावांत पडतो. दुधाच्या संस्थेसारखे हे आहे. एकेका घरचे माप लहान, पण ते रोजचे, आणि प्रत्येक घरचे.

बेल्जियम देशात लिंबुर्ग नावाचा प्रांत आहे. तिथल्या कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्या, शेवटची १९९२ साली बंद झाली. हुगो बोलेन या खाणीच्या अभियंत्याने एक साधी युक्ती काढली. खाणीत वाटांच्या फाट्यांना नंबर असतात, तसेच गावोगावच्या लहान रस्त्यांच्या फाट्यांना नंबर द्यायचे. १९९५ पासून तिथे सायकलवाले कागदावर चार-पाच नंबर लिहून घेतात आणि नंबर बघत पुढे जातात. नवा रस्ता बांधावा लागला नाही, खांब रोवले आणि पाट्या लावल्या. पुढे शेजारच्या हॉलंडनेही ही पद्धत उचलली. शेताचा गट नंबर तोंडपाठ असलेल्या आपल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्या घरात डोकावू. सायकलीच्या सफरीचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि आपल्या गळिताचा हंगामही तोच. म्हणजे दोघे एकाच रस्त्यावर, एकाच महिन्यात. आणि आपली ट्रॉली कशी असते बघा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, मोळ्या दोन्ही अंगाला बाहेर आलेल्या, मागे दिवा नाही, ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने की मागच्याची घंटी काय, हॉर्नही ऐकू जात नाही. चाकाखाली लावलेला धोंडा तसाच रस्त्यावर टाकून गडी पुढे निघून जातो. त्यात कोणी अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेला असतो. शहरातला सायकलवाला एकदा हे बघेल आणि दुसऱ्या वर्षी येणार नाही. पण आपली लेक कुठे जाईल? मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या, त्या याच रस्त्याने शाळेत जातात. हिवाळ्यात शिकवणी सुटेपर्यंत अंधार पडतो. पाहुण्यासाठी रस्ता नीट करा असे मी म्हणत नाही. लेकीसाठी करा, पाहुणा आपोआप येईल.

त्यासाठी चार गोष्टी वार्षिक सभेपुढे ठेवाव्यात असे मला वाटते:

१) लाल रिफ्लेक्टरची पट्टी आणि मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीला हंगामात वजनकाट्यावर घेऊ नये. नियम सर्वांना सारखा असावा, संचालकाच्या ट्रॉलीलाही.

२) चाकाखालचा धोंडा उचलल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही अट वाहतुकीच्या करारातच लिहावी.

३) फाट्या-फाट्यावर नंबर आणि पुढच्या गावाचे अंतर लिहिलेले दगड उभे करावेत. जागेची परवानगी ग्रामपंचायत आणि बांधकाम खात्याकडून रीतसर घ्यावी.

४) मुक्कामाची खोली आणि जेवण हे काम गावातल्या बचत गटांकडे द्यावे. दर सगळीकडे एकच असावा आणि पाटीवर लिहिलेला असावा.

शंका घेणारे म्हणतील, "काहून जी, सायकलवाल्यानं आपलं पोट भरते का?" नाही भरत. आपले पोट ऊस आणि धानच भरतील. हा जोडधंदा आहे, शेळी-कोंबडीसारखा. त्यावर कर्ज काढून इमारत बांधायला निघेल त्याला सभेनेच आवरावे. दुसरी शंका भीतीची. सालेकसा, देवरी, चिचगड ही नावे घेतली की बाहेरचा माणूस नक्षलवादाच्या धास्तीने मागे फिरत असे. ती छाया आता बरीच ओसरली आहे. तरी पाहुण्याने निघताना पुढच्या मुक्कामी कळवावे, दिवस मावळायच्या आत गाव गाठावे आणि अभयारण्याच्या गेटातून सायकल आत नेण्याचा हट्ट धरू नये. जंगल जनावरांचे आहे, वाट बाहेरून काढता येते.

तिसरी शंका मात्र मला स्वतःला सतावते. आपण हे केले नाही तर कोणी करणारच नाही, असे नाही. उद्या बाहेरचा भांडवलवाला येईल, तलावाच्या पाळीवर तंबू ठोकेल, आणि आपली पोरे तिथे भांडी घासायला जातील. ज्याने तळे बांधले त्याच्याच वारसांनी पाळीवर नोकर म्हणून उभे राहायचे, ही वेळ येऊ नये. भांडवल एकट्यादुकट्याकडे नसते म्हणून तर आपण भागभांडवल गोळा करून सहकार उभा केला. इथे तर भांडवलही फारसे लागत नाही. रिफ्लेक्टरची पट्टी, थोडा रंग आणि फाट्यावरचे दगड, एवढ्यावर सुरुवात होते.

सभेची नोटीस हाती पडली की पहिले दोन ठराव आपल्या गावातून लेखी पाठवा. बाकीचे दोन पुढच्या हंगामापर्यंत थांबले तरी चालतील, पहिले दोन थांबू नयेत.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद