सर्वोत्कृष्ट एकजण, बाकीच्या कुठे गेल्या?

आफ्रिका खंडातल्या सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूला दरवर्षी पुरस्कार देण्याची प्रथा १९७० साली सुरू झाली. पहिला मान माली देशाच्या सालिफ केइटाला मिळाला. त्याच खंडातल्या सर्वोत्कृष्ट स्त्री फुटबॉलपटूसाठी पुरस्कार निघायला मात्र २००१ साल उजाडले. युरोपात 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाने १९५६ पासून युरोपातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला सोन्याचा चेंडू द्यायला सुरुवात केली. तो चेंडू एका स्त्रीच्या हातात पहिल्यांदा पडला २०१८ साली, म्हणजे ६२ वर्षांनी. आशियाच्या फुटबॉल महासंघाने पुरुषांचा पुरस्कार १९९४ मध्ये सुरू केला, बायकांचा २००३ मध्ये. मधल्या काळात बायका खेळतच नव्हत्या, असे कुणाला वाटत असेल तर आपल्याच देशाचा इतिहास पाहावा. १९८० च्या सुरुवातीला कालिकतला आणि पुन्हा १९८३ मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई महिला स्पर्धांत भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या होत्या. खेळ होता. पाहणारे डोळे नव्हते.

हे आकडे सांगितले की आपल्या बैठकीत एक वाक्य हमखास येते, "उशिरा का होईना, मिळाला ना!" मला भांडायचे आहे ते या समाधानाशी.

आणि नांदेड-लातूरच्या संघटनांना आफ्रिकेच्या फुटबॉलशी काय घेणेदेणे, असे विचारणाऱ्या मैत्रिणींशीही. इथे पोरींची लग्ने सोळाव्या वर्षी लागतात, ऊसतोडीला निघालेल्या आयांबरोबर मुली शाळा सोडून जातात, अन् तुला चेंडू सुचतो का, असे मला एका कार्यकर्तीने तोंडावर विचारले. तिचा राग समजतो. पण पुरस्कार म्हणजे काय, तो कुणाला, कधी आणि कशाच्या बदल्यात मिळतो, हे समजून घ्यायला त्या दूरच्या खंडातली एक गोष्ट फार उपयोगी आहे.

डिसेंबर २०१६. नायजेरियाच्या मुली आफ्रिकेची महिला स्पर्धा जिंकून मायदेशी परतल्या. अंतिम सामन्यात यजमान कॅमेरूनला त्यांच्याच मैदानावर हरवून आल्या होत्या. पण ठरलेले भत्ते आणि बक्षिसाची रक्कम त्यांना मिळेना. महासंघ म्हणाला, पैसे नाहीत. तेव्हा या विजेत्या मुलींनी अबुजामधले हॉटेल सोडायला नकार दिला, तिथेच ठिय्या मांडला आणि एक दिवस फलक हातात घेऊन थेट संसदेवर मोर्चा नेला. आपण जिल्हाधिकारी कचेरीवर नेतो तसाच! त्यानंतर महिनाही झाला नव्हता. ५ जानेवारी २०१७ रोजी त्याच अबुजा शहरात आफ्रिकेच्या वार्षिक पुरस्कारांचा झगमगता सोहळा झाला आणि सर्वोत्कृष्ट स्त्री खेळाडू म्हणून नाव पुकारले गेले त्याच संघातल्या असिसात ओशोआलाचे. डिसेंबरात हक्काच्या पैशासाठी रस्त्यावर, जानेवारीत व्यासपीठावर. ओशोआला थोर खेळाडू आहे, हा पुरस्कार तिने सहा वेळा मिळवला आहे, तिच्या गुणांविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या व्यवस्थेशी, जी अख्ख्या संघाची मजुरी थकवते आणि त्यातल्या एकीच्या हाती मानचिन्ह ठेवून फोटो काढून घेते.

युरोपचे सांगायचे तर २०१८ चा तो पहिला चेंडू नॉर्वेच्या आडा हेगरबर्गला मिळाला. पॅरिसच्या मंचावर ती भाषण करून थांबली, तर सोहळ्याच्या डीजेने तिला विचारले, कंबर हलवून नाचता येते का? ती 'नाही' म्हणाली. नंतर त्याने माफी मागितली, विनोद होता म्हणाला. विनोदच तो! ६२ वर्षांत एकाही पुरुषाला कुणी हा विनोद ऐकवला नसेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट बातम्यांत मागे पडली: ही मुलगी त्या वेळी आपल्या देशाच्या संघात खेळतच नव्हती. मुलींच्या फुटबॉलला मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ तिने २०१७ मध्येच राष्ट्रीय संघ सोडला होता.

आता आपल्याकडे या.

फुटबॉलसाठी अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे बंगालची शांती मलिक. साल १९८३. दुसरी मणिपूरची बेंबेम देवी. साल २०१७. मध्ये ३४ वर्षे गेली. या ३४ वर्षांत गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांपासून भायचुंग भुतिया, विजयन, सुनील छेत्री यांच्यापर्यंत पुरुष खेळाडूंना तो मिळतच राहिला, आणि योग्यच मिळाला. पण बायकांमध्ये एकही नाही? लहानपणी बेंबेम मुलांच्या संघात 'बोबो' आणि 'अम्को' अशी मुलाची नावे सांगून खेळली, कारण मुलीच्या नावाने मैदानात उतरताच येत नव्हते. १९९५ ते २०१६ अशी २१ वर्षे ती देशासाठी खेळली. अर्जुन पुरस्कार आला तो निवृत्तीनंतर. अखिल भारतीय महासंघाने तिला वर्षातली सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून २००१ मध्ये गौरवले आणि पुन्हा २०१३ मध्ये. या दोन गौरवांच्या मध्ये, २००९ साली, काय झाले ठाऊक आहे? दीड वर्षात एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही म्हणून भारताच्या महिला संघाचे नाव जागतिक क्रमवारीतून काढून टाकले गेले. सामना हरलो म्हणून नव्हे, सामना भरवलाच नाही म्हणून. आमच्याकडे खेळाडू होती, संघ होता, महासंघ होता, पुरस्कारही होता. सामना तेवढा नव्हता.

पुरस्काराची निवड कशी होते, हेही बघा. कुठे प्रशिक्षक आणि कर्णधार मत देतात, कुठे पत्रकार, कुठे समिती. ज्यांनी मत द्यायचे त्यांनी खेळ पाहिलेला असावा लागतो. मुलींचे सामने कमी, दाखवणारे त्याहून कमी. मग मत कुणाला पडणार? जिचे नाव आधीच कानावर आहे तिला. आशियाच्या पुरस्काराला तर बरीच वर्षे आणखी एक अट होती, समारंभाला जातीने हजर राहील त्यालाच पुरस्कार. खेळापेक्षा खुर्चीत बसणे महत्त्वाचे! आपल्याकडच्या सत्कार समित्यांना ही अट फारच पसंत पडली असती.

मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींच्या गटांबरोबर काम करते. शालेय फुटबॉलची सुब्रोतो चषक स्पर्धा १९६० पासून आहे, तिच्यात मुलींचा गट आला २०१२ मध्ये. आला, हे चांगलेच झाले. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे. पण तालुक्याच्या पायरीवर उभे राहून पाहा. चार शाळांची नावे येतात, दोन संघ येतच नाहीत, तिसऱ्याला पुढे चाल मिळते. बाद पद्धतीचा सामना, पहिलाच हरला की वर्ष संपले. काही मुलींची नावे तर दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आदल्या दिवशी यादीत घातलेली असतात; त्यांनी चेंडूला पाय लावलेला नसतो. यात मुलींचा दोष नाही. वर्षाकाठी एक-दोन सामने खेळून कुणी खेळाडू होत नसते, हे क्रिकेट पाहणाऱ्या कुठल्याही बापाला कळते.

आणि आपला तो प्रसिद्ध लातूर पॅटर्न! गुणवत्ता यादीसाठी सारा महाराष्ट्र ज्याचे कौतुक करतो, त्यात खेळाचा तास कुठे बसतो? नववीपासून तो गणिताला दिला जातो. आता लातूरला आणि नांदेडला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांसाठी गावोगावच्या मुली येऊन राहतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत खोली, वर्ग, मेस, खोली. मुलांचे निदान संध्याकाळी कुठल्यातरी मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट चालते. मुलींना वसतिगृहाची गच्चीसुद्धा सातनंतर बंद.

खेड्यात वेगळी तऱ्हा. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे देशाने पाहिले. घागरी घेऊन रांगेत कोण उभे होते, तेही फोटोंत दिसले. मुलीची संध्याकाळ पाण्याची, सरपणाची, धाकट्या भावंडांची असते. त्यातून वेळ काढून ती मैदानावर आलीच, तर तिथे लघवीला जायला जागा नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही, कट्ट्यावर टोळके बसलेले. "पोरीच्या जातीला चड्डी घालून पळायचं काय अडलंय?" हे ऐकवणारी आजी काही मुलीची वैरी नव्हे, गावाची नजर तिला ठाऊक आहे. गंमत अशी की अलीकडे आमच्याकडच्या रस्त्यांवर पहाटे मुली पळताना दिसतात. पोलीस भरतीची ८०० मीटरची तयारी. बाप स्वतः मोटारसायकल घेऊन मागे असतो! म्हणजे पळण्याला विरोध नाही. पगार मिळणार असेल तर पळणे चालते, मजेसाठी, खेळासाठी पळणे चालत नाही. मुलीच्या शरीरावर तिचा स्वतःचा आनंदाचा हक्क नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. आमच्या शेजारच्या परभणीत हे प्रमाण ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के. सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ बांधायचा म्हणजे कुणाशी झगडायचे आहे, ते या आकड्यांवरून समजावे. मघाच्या त्या कार्यकर्तीला माझे उत्तर हेच आहे. ज्या गटातली मुलगी रोज संध्याकाळी अकराजणींबरोबर मैदानावर असते, तिचे लग्न गुपचूप ठरवणे अवघड जाते. संघातली एक गैरहजर राहिली की दहाजणी विचारायला घरी येतात. मी हे पाहिले आहे.

पुरस्काराने प्रेरणा मिळते, असे म्हणतात. मिळते, नाही कशाला म्हणू? धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला होता. तिच्या बातमीचे कात्रण मी गावोगाव वाचून दाखवले, आयांनी ते पुन्हापुन्हा ऐकले. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत, ज्यात बेंबेमने आपले शेवटचे सुवर्णपदक घेतले त्याच स्पर्धेत, सारिका भारताच्या खो-खो संघाची कर्णधार होती आणि संघाने सुवर्ण जिंकले. पण सारिकाने स्वतः काय सांगितले? जवळपास दहा वर्षे दिवसातून एकवेळ जेवून आपण खेळलो, असे ती म्हणाली. वर्तमानपत्रांनी ते 'जिद्द' म्हणून छापले. मला ती जिद्द वाटतेच, पण त्याआधी ती व्यवस्थेवरची फिर्याद वाटते. भुकेची बातमी पुरस्कारानंतरच का व्हावी? आणि सारिका घडली ती पुरस्काराने नाही. धाराशिवला मुलींचा खो-खो वर्षानुवर्षे रोज चालतो, तिच्यासारख्या कितीतरी मुली त्या मातीत पळत होत्या, म्हणून ती घडली. लातूरहून दोन तासांच्या अंतरावर हे घडते. लातूरला, नांदेडला फुटबॉलच्या बाबतीत का घडू नये?

पुरस्काराचे खरे मोल विनेश फोगटने दाखवून दिले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन या मुली २०२३ मध्ये दिल्लीच्या रस्त्यावर बसल्या. न्याय मिळेना, तेव्हा डिसेंबरात विनेशने आपला खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार कर्तव्यपथावर ठेवून दिला. सरकारने गळ्यात घातलेला मान तिला पोलिसांच्या फरफटीपासून वाचवू शकला नव्हता.

आपल्या घरातही डोकावू या. ८ मार्च आला की आपलेच गट 'कर्तृत्ववान महिला', 'आदर्श माता' असे पुरस्कार वाटत सुटतात. शाल, श्रीफळ, साडी, आमदारांच्या हस्ते मानचिन्ह. दरवर्षी पाचजणी निवडायच्या, पन्नासजणींनी टाळ्या वाजवायच्या. स्पर्धा आणि उतरंड यांच्याविरुद्ध शिबिरे घेणाऱ्या आपण, बायकांनाच एक-दोन-तीन क्रमांक कधी द्यायला लागलो? माझी सूचना आहे, येत्या ८ मार्चचा मानचिन्हांचा खर्च वाचवावा आणि त्या पैशात तालुक्यातल्या मुलींची साखळी स्पर्धा भरवावी. बाद पद्धतीची नको. प्रत्येक संघाला निदान सहा सामने मिळाले पाहिजेत, हरणाऱ्यांनाही.

दुसरे काम कागदाचे आहे. जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुले आपल्या करातून उभी राहिली आहेत. तिथले मैदान गेल्या वर्षभरात कुणाला किती तास दिले, त्यात मुलींचे तास किती, लग्नसमारंभ आणि सभांना किती दिवस, मुलींसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का, त्याची किल्ली कुणाकडे असते, महिला प्रशिक्षक आहे का, तक्रार समिती नेमली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. २०२२ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावे लागले, तेव्हा शेवटचा प्रश्न सोडू नका. ५ जुलै २०२५ रोजी भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवले आणि पात्रता फेरीतून आशियाई चषकात जागा मिळवली. त्या संघात मराठवाड्याची एकही मुलगी नव्हती, आणि याचे उत्तर आम्हाला मैदानाच्या नोंदवहीत शोधायचे आहे. लातूर आणि नांदेडचे अर्ज आमच्या गटाने तयार केले आहेत. उदगीर, मुखेड, किनवट, निलंगा इथल्या मैत्रिणींनी आपापल्या तालुक्याचे अर्ज करावेत आणि आलेली उत्तरे पुढच्या अंकासाठी या पत्त्यावर पाठवावीत, उत्तर 'माहिती उपलब्ध नाही' असे आले तरीही.