हवा कशासाठी आणि कशामुळे

हवा का असते, या प्रश्नाला अंधेरी-घाटकोपरच्या चाळींत, सोसायट्यांत आणि शाळेच्या वर्गांत मिळणारी उत्तरे बहुधा गमतीची असतात. पंख्याला काम मिळावे म्हणून. संक्रांतीला पतंग चढावेत म्हणून. लोकलच्या दारात जागा मिळालेल्याला काही सुख लाभावे म्हणून. शेजारचे भांडण ऐकू यावे म्हणून. यांतले शेवटचे उत्तर भौतिकशास्त्राला सर्वांत जवळचे आहे. ध्वनीला माध्यम लागते. निर्वात जागेत भांडण कितीही रंगले तरी ते कोणाच्या कानी पडत नाही.

ही उत्तरे हसू आणतात, कारण त्यांत परिणामाला हेतूच्या जागी बसवलेले असते. पतंग हवेमुळे चढतो. हवा मात्र पतंगासाठी निर्माण झालेली नाही. व्होल्तेअरच्या १७५९च्या ‘कांदीद’मधला तत्त्वज्ञ पँग्लॉस याच वाटेने जातो. माणसाला नाक आहे ते चष्मा ठेवण्यासाठी, असे तो गंभीरपणे शिकवतो. माणसाला श्वास घेता यावा म्हणून हवा आहे, हे उत्तर मोठ्यांनाही पटते. त्याची घडण मात्र पँग्लॉसच्या चष्म्यासारखीच आहे.

भारतीय दर्शनांनी हेतूपेक्षा उगमाची आणि लक्षणांची चौकशी अधिक केली. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू आणि वायूपासून अग्नी असा क्रम येतो. वैशेषिकांपुढे वेगळी अडचण होती: जे दिसत नाही ते आहे हे ठरवायचे कसे? स्पर्श, शब्द, धृती आणि कंप या चार खुणांवरून त्यांनी वायूचे अनुमान केले. अंगाला झुळूक लागते, पाने सळसळतात, हलकी वस्तू अधांतरी तरंगते, फांदी हलते. डोळ्यांना न दिसणाऱ्या द्रव्याबद्दल इतका काटेकोर विचार त्या काळी झाला, ही फार मोलाची गोष्ट आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी ज्या परंपरेची आहेत, ती बौद्ध परंपरा वायूला चार महाभूतांपैकी एक मानते आणि हालचाल हे त्याचे लक्षण सांगते. प्रत्येक गोष्ट इतर गोष्टींच्या आधाराने उत्पन्न होते, हा तिचा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत. त्यात ‘कशासाठी’ला जागा उरत नाही, ‘कशामुळे’ला भरपूर उरते. आधुनिक विज्ञानाचे उत्तर या मांडणीशी सहज जुळते.

त्या उत्तराचा एक धागा अंधेरीतच आहे. गिल्बर्ट हिल हा बेसॉल्टच्या उभ्या स्तंभांचा सुमारे दोनशे फुटी कडा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झाला. पृथ्वीचे वातावरण त्याहून खूपच जुने. पण ज्वालामुखींनी पोटातले वायू बाहेर टाकणे ही क्रिया तीच. त्या वायूंत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मुबलक होते. वाफेचे समुद्र झाले, कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग पाण्यात विरघळून चुनखडकांत गेला. नायट्रोजन सहजासहजी कोणाशी संयोग पावत नाही, म्हणून तो मागे राहिला आणि साचत गेला. आज कोरड्या हवेत तो ७८ टक्के आहे. जवळजवळ एक टक्का असलेला आरगॉन तर खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून तयार होऊन हळूहळू बाहेर आला आहे.

हे सारे टिकले ते गुरुत्वाकर्षणामुळे. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, आणि नायट्रोजनचे रेणू उकाड्याच्या दिवशीही सरासरी अर्धा किलोमीटरच्या आसपासच धावतात. चंद्राची ओढ कमी, म्हणून त्याच्यापाशी हवा म्हणावी असे काही उरले नाही.

ऑक्सिजनची कथा निराळी आणि सर्वांत विलक्षण आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाशावर अन्न तयार करताना टाकून दिलेला हा वायू वातावरणात साचू लागला. त्या काळच्या अनेक जीवांना तो विषारी होता. ज्यांना तो मानवला, त्यांच्या वंशात पुढे प्राणी आले आणि माणूस आला. श्वासासाठी हवा घडली नाही. जी हवा होती तिच्यात जगू शकतील असे श्वास घडले.

यामुळे एक आवडता समजही तपासावा लागतो. राष्ट्रीय उद्यानाला मुंबईची फुप्फुसे म्हणतात, आणि तिथली झाडे शहराला ऑक्सिजन पुरवतात असे मानले जाते. वाढ पूर्ण झालेले जंगल जितका ऑक्सिजन सोडते, जवळजवळ तितकाच श्वसनात आणि पाचोळा कुजण्यात वापरते. हवेतला साठा कोट्यवधी वर्षांचा आहे, आणि ऑक्सिजनचे २१ टक्के हे प्रमाण बोरिवलीच्या रानात आणि घाटकोपरच्या चौकात सारखेच असते. उद्यानाचे उपकार वेगळे आहेत: सावली, गारवा, पानांवर अडणारी धूळ, तुळशी आणि विहार तलावांना मिळणारे पाणी. ते जपण्यासाठी एवढी कारणे पुरेशी आहेत.

फरक पडतो तो हवेत मिसळलेल्या गोष्टींनी. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतचा थंड थर धूळ आणि धूर धरून ठेवतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की तो पांगतो. हा वारा पश्चिम उपनगरांना आधी लागतो. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये तर उद्यानाचे डोंगर उभे आहेत. जानेवारी २०१६मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा परिसरातल्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांत पूर्व उपनगरांवर पसरलेल्या हवेतही ऑक्सिजन होता जवळपास तेवढाच. छातीत जात होता तो धूर.