कागदाची पारख

गतवर्षीं श्रावणांत आमच्या मुलुंडच्या घरीं एक लहानसा अनर्थ घडला. कैलासवासी तीर्थरूपांनीं स्वहस्तें लिहून ठेवलेलीं व्याकरणाचीं टिपणें चिरंजिवांनीं संगणकावर उतरविलीं होतीं. तीं लेझर प्रिंटरवर छापून आप्तमंडळींस द्यावयाचीं, असा बेत होता. वडिलांचें लेखन साध्या कागदावर कसें छापावें, म्हणून आम्हीं हट्टानें जाड, खरबरीत हातकागद आणविला. प्रती देखण्या निघाल्या. परंतु चार दिवसांनीं घडी उलगडून पाहतों तों घडीवरचीं अक्षरें झडलेलीं! एके ठिकाणीं अनुस्वार गळून 'रामं'चें 'राम' झालें होतें, म्हणजे द्वितीयेचें संबोधन. ज्यांनीं जन्मभर आमचे अनुस्वार तपासले, त्यांच्याच लेखनाची ही अवस्था!

शोध घेतां कारण कळलें तें असें. या यंत्रांत पातळ शाई नसते. प्लास्टिकमिश्रित बारीक भुकटी असते. सुमारें २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रुळाखालीं ती वितळून कागदास चिकटते. खरबरीत कागदाच्या खळग्यांत रुळाचा दाब व उष्णता नीट पोहोंचत नाहींत. म्हणून कागद गुळगुळीत हवा. पण चकचकीत नव्हे. इंकजेटसाठीं मिळणारा छायाचित्रांचा कागद तर यांत घालूंच नये. त्यावरील लेप वितळून रुळास चिकटतो.

वेष्टनावर ७०, ७५, ८० असे 'जीएसएम'चे आंकडे असतात. एक चौरस मीटर कागदाचें तें ग्रॅममधील वजन होय. ए-४ आकाराचे १६ कागद मिळून सुमारें एक चौरस मीटर भरतो. म्हणून ७५चें ५०० कागदांचें रीम सुमारें २ किलो ३४० ग्रॅम भरलें पाहिजे. आम्ही तें स्वयंपाकघरांतील काट्यावर तोलून पाहतों. त्यावर आमचें कुटुंब काय म्हणतें, तें येथें लिहीत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २०२० सालीं दाव्याच्या कागदपत्रांसाठीं ए-४ आकाराचा, निदान ७५ जीएसएमचा कागद ठरवून दिला. घरच्या पत्रव्यवहारास तेवढा पुरे; दोन्ही बाजूंस छापावयाचें तर ८० बरा.

आपल्या उपनगरांत मात्र खरा वैरी पावसाळा. दमट कागदांतील पाण्याची रुळाखालीं वाफ होते, कागद वळतो आणि यंत्रांत अडकतो. यास्तव फोडलेलें रीम वेष्टनांतच गुंडाळून, आडवें, ओल्या भिंतीपासून दूर ठेवावें.

टिपणांची दुसरी प्रत आम्हीं दिवाळीनंतर, कोरड्या हवेंत, ८०च्या आम्लरहित कागदावर काढली. आम्लयुक्त कागद कालांतरानें पिवळा व ठिसूळ होतो. अनुस्वार अद्याप जागच्या जागीं आहेत. उरलेल्या हातकागदावर आम्ही टांकानें नातवंडांस पत्रें लिहितों.