धूर तपासला, शॉकअप कोण तपासणार?

‘इंजिन एकदम मख्खन!’ दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचा मालक हमखास सांगतो. असेलही. पीयूसी काढलेली असते, विमाही चालू असतो. शॉकअप मात्र कारखान्यातून आले तेच, आणि ते कधीच संपले आहेत हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. पीयूसीत फक्त धूर तपासतात, चाकांकडे कोणी पाहत नाही.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळते आणि उसळतच राहते. तिला आवरण्याचे काम शॉकअपचे. आत तेलातून पिस्टन सरकतो, बारीक व्हॉल्व्ह तेलाला अडवतात आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. सील झिजून तेल गळाले की हा अटकाव संपतो. हे हळूहळू घडत असल्याने रोज गाडी चालवणाऱ्याला कळत नाही. कळते ते मागच्या सीटवरच्या पाहुण्याला.

प्रश्न केवळ गचक्यांचा असता, तर कंबर सांभाळून भागले असते. पण उसळणाऱ्या चाकाची रस्त्यावरची पकड वारंवार सुटते, आणि पकड सुटलेले चाक ब्रेक दाबला तरी गाडी थांबवू शकत नाही. एबीएसही तिथे हतबल. घाटातल्या खडबडीत वळणावर, पाच माणसे आणि सामान भरलेल्या गाडीत, हे जिवावर बेतू शकते. टायरही जागोजागी खोलगट झिजतात. मग मालक नवे टायर घालतो, त्याच मेलेल्या शॉकअपवर!

अर्थात, प्रत्येक खटखटीचे खापर शॉकअपवर फोडणारे मेकॅनिकही आहेत. लिंक रॉड, बुश किंवा स्ट्रटचे (स्प्रिंगसह बसवलेल्या शॉकअपचे) माउंट गेले तरी आवाज येतो. बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी डोलत राहिली तर शॉकअप गेला हे खरे. नाही डोलली म्हणून तो शाबूत आहे, असे मात्र नव्हे. गाडी लिफ्टवर घेऊन नळी पाहावी. किंचित ओशटपणा चालतो. तेलाचा ओघळ येऊन त्यावर माती बसली असेल, तर विचार करण्यासारखे काही उरत नाही.

बदलताना काटकसर नेमकी नको तिथे होते. एकच बदलला तर डावे-उजवे चाक वेगवेगळे वागते. शॉकअप जोडीनेच बदलावेत. पुढचा स्ट्रट काढताना स्प्रिंगही सोडवावी लागते, तेव्हा झिजलेले माउंट आणि रबरही त्याच वेळी बदलावे, नाहीतर तीच मजुरी पुन्हा. नंतर व्हील अलाइनमेंट हवेच. जुन्या बाजारातले, तेल भरून, वेल्ड मारून काळे रंगवलेले ‘रिपेअर’ शॉकअप घेण्यात शहाणपणा नाही. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएलचा कारखाना चाकणला आहे. नवे मिळत नाहीत ही सबब महाराष्ट्रात तरी चालू नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. फिटनेसचा प्रश्न त्यानंतर येतो. तोवर थांबू नये. ८० हजार किलोमीटर ओलांडले की मालकानेच दर सर्व्हिसिंगला शॉकअप पाहून घ्यावेत. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम नंतरही घेता येतील.