‘आपल्या लोकांतच घर घ्या’?

घर शोधायला निघालं की हल्ली नागपूरच्या सक्करदऱ्यातही एक सल्ला हमखास मिळतो: ‘आपल्या लोकांतच घ्या. वेळ आली की आपलेच धावून येतात.’ सल्ला देणारी माणसं वाईट नसतात, भ्यालेली असतात. खाणंपिणं वेगळं, सणवार वेगळे, तिथं भरवसा कसा धरायचा, असं त्यांचं म्हणणं. मला ते मुळीच मान्य नाही.

1908 साली रघुजीराजे भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवलं आणि आणलं ते याच सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात. हिंदू राजाच्या घरी मुसलमान फकीर! ‘ते जुने दिवस होते’ म्हणून ही गोष्ट झटकता येईल. मग 2021च्या एप्रिलचं काय करणार? कोरोनाच्या लाटेत नागपुरात ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते. शेजारच्या ताजबागच्या झोपडपट्टीत वाढलेले वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी तेव्हा टँकर मिळवले, पदरचे सुमारे 85 लाख रुपये घातले. रमजान होता, ही आपली जकात, असं ते म्हणाले. तो ऑक्सिजन सरकारी दवाखान्यांत गेला. तिथं खाटेवर कोण आहे, हे कुणी विचारलं नाही.

यावर लगेच विचारतात, ‘मग मार्च 2025चं काय?’ प्रश्न रास्त आहे. 17 मार्चला नागपूरच्या महाल भागात दंगल उसळली आणि ज्या ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, त्यांत सक्करदराही होतं. त्या दिवसांत आमच्याकडचं दूध संपलं आणि घरात तान्हं मूल. मागच्या भिंतीवरून शेजारच्या मुसलमान चाचींनी दुधाचा गंज पुढे केला. रोजाच्या सहरीसाठी राखलेलं दूध होतं ते. दुसऱ्या दिवशी रिकामा गंज परत कसा करायचा, म्हणून आईनं त्यात मूठभर सांडगे घातले. दोघी फारसं बोलल्या नाहीत.

यानं दंगल थांबली, असा माझा दावा नाही. पण चाची दोन कोसांवरच्या ‘त्यांच्या’ वस्तीत असत्या तर ते दूध आलं नसतं. आणि ज्यांच्या भरवशावर वेगळं राहायचं, ते आमचे ‘आपले’ त्या दिवशी बंदोबस्ताच्या पलीकडे अडकले होते. त्यांना यायचं होतं, येता आलं नाही.

तुमच्या सोसायटीच्या बैठकीत ‘वेगळ्या’ माणसाला फ्लॅट द्यायचा की नाही, हा विषय निघाला तर कृपा करून गप्प बसू नका. द्या म्हणा.